शिरोडकरांचा टाका आणि आमच्या वहिनी



आपल्या अळणावरवर इथं पुष्कळ लिहून झालं. जंक्शन, दांडेलीचा फाटा, लाकडाच्या वखारी, पावसाळ्यात आठ-आठ दिवस न दिसणारं ऊन. मी सगळं वाचतो. आज मात्र विषय जरा अवघड घेतोय. बायकांच्या दुखण्यावर पुरुषानं, त्यातून बँकेत जन्मभर आकडे जुळवलेल्या माणसानं काय लिहायचं, असं काहींना वाटेल. पण मागच्या महिन्यात थोरल्या वहिनींकडे गेलो होतो. बोलता बोलता जुनं निघालं आणि त्याच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढं काय काय लिहिता, हे का लिहीत नाही? नाव तेवढं घालू नका." म्हणून नाव नाही. बाकी जसं घडलं तसं.

वहिनी चंदगडकडच्या. 1964 साली लग्न होऊन आमच्या घरी आल्या. दादा लाकडाच्या वखारीत दिवाणजी होता. तेव्हा आपण मैसूर राज्यात होतो, कर्नाटक हे नाव 1973 ला आलं. घरात आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. वहिनींना कानडी येत नव्हतं, आणि आपल्या गावात बाजारापासून रेल्वेपर्यंत कानडीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे पहिली दोन वर्षं त्या घरातच असायच्या.

1965 ला दिवस राहिले. पाचव्या महिन्यात गेले. 1967 ला परत राहिले, परत पाचव्यातच. 1968 ला सहाव्यापर्यंत पोचलं. डोहाळजेवणाचं बोलणं चाललं होतं, आणि एके दिवशी दुपारी सगळं संपलं. तिन्ही वेळेला मूल जिवंत जन्माला आलं आणि काही मिनिटांत गेलं. एवढ्या लहान जिवाला तेव्हा कुठलंच यंत्र वाचवू शकत नव्हतं.

कारणं मात्र दर वेळी सापडायची. पहिल्या वेळी घागर उचलली म्हणून. दुसऱ्या वेळी ग्रहणात विळीवर बसली म्हणून. तिसऱ्या वेळी काहीच सापडेना, तेव्हा पायगुण. दुसऱ्या खेपेनंतर एका डॉक्टरांनी पिशवी साफ केली, अशक्तपणा आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेनंतर डॉक्टरांकडे जाणंच थांबलं. मग नवस, उपास, यल्लम्माला जाऊन येणं. शेजारच्या घरी ओटी भरायचा कार्यक्रम असला की वहिनींना बोलावणं येईनासं झालं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवायला आलेली बाई फक्त आईचं नाव घ्यायची.

1969 च्या दिवाळीत आमची आत्या खानापूरकडचं एक स्थळ घेऊन आली. दादासाठी. दुसरं लग्न कायद्यानं बंद होऊन चौदा वर्षं झाली होती, पण आत्याला 1955 च्या कायद्याशी काय देणंघेणं? ती आईला म्हणाली, "हिला काढायची नाही गं. राहू दे की घरात. पण वंश नको का?" वहिनी आत भाकरी करत होत्या. मधे भिंत होती, पण कौलारू घरात भिंत वरपर्यंत नसते. दादा काहीच बोलला नाही, उठून वखारीत गेला. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. आई म्हणाली, संक्रांतीनंतर बघू.

संक्रांत गेली, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला वहिनींना चौथ्यांदा दिवस राहिले. आमच्या ओळखीच्या एक बाई रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायच्या. त्यांनी आईला गाठून सांगितलं, या वेळी गावठी काही करू नका, हुबळीला मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी तेव्हा हुबळीला कॉमर्स शिकत होतो, रोज पॅसेंजरनं जाणं-येणं, पास काढलेला. मीटर गेजची गाडी. कंबारगणवी, मुगद, धारवाड करत सावकाश जायची. बसच्या धक्क्यांपेक्षा आगगाडी बरी म्हणून वहिनी आणि आई माझ्याबरोबर निघाल्या. दादाला वखारीतून सुट्टी नव्हती. खरं म्हणजे त्याला यायचं नव्हतं, त्याला दवाखान्याच्या बाकावर बसायची लाज वाटत होती.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरीणबाई कानडी होत्या, मराठी मोडकंतोडकं. वहिनींना कानडी येत नाही. आई दोन्ही बोलायची, म्हणून आईच सांगू लागली. कधी लग्न झालं, किती वेळा पोट पडलं, कुठली घागर, कुठलं ग्रहण. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. म्हणाल्या, "अवळे हेळली." तिलाच सांगू दे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू कॉलेजात शिकतोस ना, पडद्याच्या बाहेर उभा राहा आणि मी विचारते ते हिला मराठीत सांग, ती बोलेल ते मला सांग. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही.

वीस वर्षांचा मुलगा. वहिनींशी मी तोवर "चहा झाला का" याच्यापलीकडे कधी बोललो नव्हतो. पडद्याकडे तोंड करून मी विचारत होतो आणि पलीकडून वहिनी सांगत होत्या. पहिला प्रश्न होता: "कळा आल्या होत्या का?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वहिनी म्हणाल्या, "नाही."

"तिन्ही वेळेला नाही?"

"नाही. नुसतं जड जड वाटायचं दोन-तीन दिवस. मग पाणी जायचं. मग लगेच. दुखायचं असं नाहीच."

आई मधेच म्हणाली, "असं कसं? पोट पडताना दुखतंच." डॉक्टरीणबाईंनी तिला गप्प केलं. परत विचारलं, रक्त आधी गेलं की पाणी आधी? पाणी आधी. मूल जिवंत होतं? होतं. "रडलं?" हे मी विचारलं, कारण सांगितलं होतं एक शब्द गाळायचा नाही. वहिनी म्हणाल्या, "दुसरं रडलं. थोडंसं."

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. दादालाही नाही. पाच वर्षांत वहिनींना कुणी, म्हणजे कुठल्या सुईणीनं, डॉक्टरनं, सासूनं, हा प्रश्न विचारलाच नव्हता की बाई, तुला नक्की झालं काय. त्यांच्या दुखण्याचा सगळा पत्ता त्या एका "नाही" मध्ये होता.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आईच्या हातात पानसुपारीचा बटवा होता. तो त्यांनी मागून घेतला. म्हणाल्या, हा बटवा म्हणजे पिशवी. ही नाडी म्हणजे पिशवीचं तोंड. नाडी आवळलेली असली की आतली सुपारी पडत नाही. तुझ्या सुनेची पिशवी चांगली आहे, मूल चांगलं आहे, पण नाडी सैल आहे. सुपारी थोडी असते तोवर टिकते. पाचव्या महिन्यात वजन वाढलं की तोंड आपोआप उघडतं. कळा येत नाहीत, कारण पिशवी मूल बाहेर ढकलतच नाही, ते घसरून पडतं. घागरीचा आणि ग्रहणाचा काही संबंध नाही. कुणाची ही नाडी जन्मतः सैल असते, कुणाची आधीच्या बाळंतपणात फाटते, कुणाची पिशवी साफ करताना जोरानं रुंदावल्यामुळे दुखावते.

"मग आता?" आईनं विचारलं.

"आता नाडी बांधायची. चौदाव्या आठवड्यात आणा. शिरोडकर टाका घालू."

आईचा पुढचा प्रश्न तुम्ही सगळे ओळखाल. "कुठले शिरोडकर? गोव्याचे का?"

गोव्याचेच. पण तेव्हा आम्हाला एवढंच कळलं की टाक्याला एका मराठी माणसाचं नाव आहे. आईला त्यानं केवढा धीर आला! बाकीचं मी पुढे वाचून जमवलं. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म 1899, गोव्यातलं शिरोडं. वेंगुर्ल्याजवळचं मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं. आणि आपल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांचं हायस्कूलचं शिक्षण हुबळीला झालं. मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, 1923 ला एम.बी.बी.एस., 1927 ला एम.डी., 1931 ला विलायतेत एफ.आर.सी.एस. पुढे ग्रँटमध्येच प्राध्यापक. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या बायका त्यांच्याकडे यायच्या. त्या काळी अशा बाईला विश्रांती, जीवनसत्त्वं, इंजेक्शनं देत, आणि नाहीच जमलं तर नशीब. शिरोडकरांनी नशीब बाजूला ठेवून पिशवीचं तोंड तपासलं. मांडीच्या स्नायूवरच्या मजबूत आवरणाची एक पट्टी ते त्या बाईच्याच मांडीतून काढायचे आणि मूत्राशय वर सरकवून, तोंडाच्या आतल्या टोकाशी ती पट्टी फिरवून बांधायचे. पोटावर कुठं काप नाही, सगळं खालच्या वाटेनं. 1955 साली मद्रासच्या 'द अँटिसेप्टिक' या मासिकात त्यांनी हे छापलं. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेचा सोपा प्रकार मांडला, त्यात मूत्राशय हलवावं लागत नाही, बाहेरूनच नाडीसारखा धागा ओवतात. आज जगात कुठंही ही शस्त्रक्रिया होते तेव्हा या दोघांपैकी एकाचं नाव निघतं.

वहिनींना टाका पडला 1970 च्या पावसाळ्यात. मांडीला काही केल्याचं त्यांना आठवत नाही, तेव्हा धाग्याचाच टाका असणार. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर केलं होतं. त्या सांगतात, जागी होते, वर पंखा फिरत होता, तो मोजत होते. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. आठवडाभर वॉर्डात ठेवलं.

वॉर्डाची एक गोष्ट सांगायला हवी. वहिनींच्या शेजारच्या खाटेवर कलघटगीकडची एक बाई होती. लग्नाला नऊ वर्षं, एकदाही दिवस राहिले नाहीत. तिच्या दोन्ही नळ्या बंद निघाल्या, आणि कारण होतं क्षय. खोकला नाही, ताप नाही, तरी क्षय. फुप्फुसाचा क्षय आपल्याला ठाऊक असतो, पण तो पिशवीला आणि नळ्यांनाही होतो, आणि आपल्या देशात वंध्यत्वाचं ते एक मोठं कारण आहे. औषधानं क्षय बरा होतो, पण एकदा आतून चिकटलेली नळी कापून-शिवून सहसा कामाला येत नाही. वहिनी म्हणतात, डॉक्टरीणबाईंनी तिला ते खोटी आशा न दाखवता सांगितलं. तिच्यासाठी तेव्हा वाटच नव्हती. आपल्या देशात टेस्ट ट्यूबचं पहिलं मूल त्यानंतर आठ वर्षांनी, 1978 साली कलकत्त्याला डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नानं झालं, आणि त्यांच्यावर लोकांनी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालं ते 1986 ला. कलघटगीच्या बाईच्या उपयोगाचं यातलं काहीच नव्हतं. एकाच खोलीत दोन खाटा, एकीच्या दुखण्यावर टाका निघालेला, दुसरीच्या दुखण्यावर काहीच नाही.

घरी आल्यावर पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्या, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. साडेपाच महिने वहिनी त्या उतरत्या पलंगावर होत्या. आताचे डॉक्टर म्हणतात, इतकं आडवं पडून राहण्याचा फायदा काही सिद्ध झालेला नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती. पण तेव्हा सगळीकडे तेच सांगत. पाचवा महिना आला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलेना. दादा वखारीतून दुपारी जेवायला घरी यायला लागला, पूर्वी डबा न्यायचा. पाचवा गेला, सहावा गेला. आत्याचं पत्र आलं, ते आईनं फोडलंच नाही.

1971 च्या फेब्रुवारीत, नववा लागल्यावर हुबळीला नेऊन टाका काढला. चौथ्या दिवशी वहिनींना कळा आल्या. त्या सांगतात, "कळ आली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, ही कळ असते होय!" मुलगी झाली. आईला नातू हवा होता, पण ती काही बोलली नाही, बर्फी मात्र सबंध गल्लीला वाटली. त्याच वर्षी डॉ. शिरोडकरांना पद्मविभूषण मिळालं, आणि 7 मार्चला ते गेले. माझी पुतणी तेव्हा महिन्याचीही नव्हती.

आकड्यांची सवय, म्हणून एक आकडा देतो. हा टाका सगळ्यांनाच घालावा असं नाही. 1993 साली बारा देशांतल्या 1292 बायकांची मोठी पाहणी छापून आली. ज्यांना टाक्याची गरज आहे की नाही याबद्दल डॉक्टर स्वतःच साशंक होते, अशा त्या बायका. त्यांच्यात पंचवीस जणींना टाका घालावा तेव्हा एकीचं बाळंतपण फार लवकर होणं टळतं, असं निघालं. पण ज्यांना तीन किंवा जास्त वेळा असं झालं होतं, त्यांच्यात फायदा चांगला स्पष्ट दिसला. आता सोनोग्राफीनं त्या तोंडाची लांबी मोजतात. आधी असं काही झालेल्या बाईची ती 25 मिलिमीटरच्या खाली आली की विचार करतात. म्हणजे वहिनींसारखी तीन लेकरं घालवायची वेळ येऊ नये. तरी मोजायला केव्हा बसायचं, हे कळायला आधी बाईला विचारावंच लागतं.

आता पुढचं, आणि हे सांगण्यासाठीच वहिनींनी मला लिहायला बसवलं असं मला वाटतं.

ती पुतणी मोठी झाली, शिकली, शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. सात वर्षं मूल नाही. पाळीला फार रक्त जायचं, तोंड पांढरंफटक पडायचं. 2005 च्या सुमाराला तपासणीत पिशवीत लिंबाएवढी गाठ निघाली, आतल्या पोकळीत आलेली. एका डॉक्टरांनी (नाव, गाव दोन्ही सांगत नाही) सरळ सांगितलं, पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर होईल, मूल होण्याचं वय तसंही चाललंय. पुतणी चौतीसची. ती आणि जावई मान खाली घालून ऐकत होते. वहिनी बरोबर होत्या. एव्हाना त्यांना कानडी येत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गाठ काढायची की पिशवी? गाठ पिशवीत आहे, पिशवी गाठीत नाही." डॉक्टर चिडले. वहिनी पोरीला घेऊन उठल्या.

असल्या गाठी फार थोड्या वेळा कॅन्सरच्या असतात, बहुतेक साध्याच असतात. पिशवी ठेवून नुसत्या गाठी काढता येतात, हे तर शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या व्हिक्टर बॉनी या डॉक्टरांनी करून दाखवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या बायकोची पिशवी तरुणपणीच काढावी लागली, त्यांना मूल झालं नाही, आणि त्यांनी पुढं आयुष्यभर पिशवी वाचवायची शस्त्रक्रिया लावून धरली. एकाच पिशवीतून दोनशेच्या वर गाठी काढून ती परत शिवल्याची त्यांची नोंद आहे. आणि आपल्याकडे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची 2019 साली सरकारी समितीनं पाहणी केली. सुमारे 82 हजार बायकांत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली. त्यातल्या कितीतरी ऐन तरुण वयाच्या. पाळीच्या दिवसांत खाडा नको, कोयत्याचा दंड नको, आणि दवाखान्याला शस्त्रक्रियेचे पैसे. हिशेबाच्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो, म्हणूनच त्याची जास्त चीड येते.

पुतणीची गाठ बेळगावला दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढली. खालच्या वाटेनंच, पोटाला टाका नाही. दुसऱ्या दिवशी घरी. रक्त जाणं थांबलं, तब्येत सुधारली. मूल मात्र झालं नाही. पुढं दोन वर्षं उपचार केले, तरी नाही. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, गाठ काढल्यानं वाट मोकळी होईल, कुणी येईलच याची हमी नाही. पुतणी आता पन्नाशी ओलांडून गेली. शाळेत रमलेली असते. तिच्या सासरी कुणी काही बोललं असेल-नसेल, माझ्या कानावर आलं नाही. आमच्याकडे पायगुण हा शब्द परत कुणी काढला नाही. वहिनी घरात असताना काढणं शक्यही नव्हतं.

मागं जनगणनेची बाई दारात आली होती तेव्हा मी तिथं होतो. "मुलं किती झाली, आजी?" वहिनी म्हणाल्या, "चार. एक आहे." ती बाई जरा थांबली आणि तिनं ते तसंच लिहून घेतलं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी परवा फोनवर वहिनींना वाचून दाखवलं. पडद्याचा भाग आला तेव्हा त्या हसल्या. आत्याचा भाग ऐकून काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "चांगलं आहे, पण एक राहिलं. तुम्ही आईंबद्दल असं लिहिलंय की त्या नुसत्या घागर आणि ग्रहण करत होत्या. त्या विटा कुणी आणल्या? पावसात, स्टेशनच्या पलीकडून, पाटीत घालून, दोन खेपा करून. तुम्ही कॉलेजात होता. साडेपाच महिने त्यांनी मला पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाही, भांडं त्यांनीच दिलं आणि त्यांनीच उचललं. तेवढं घाला."

घातलं, वहिनी.